कोरणे आणि छापणे : सूक्ष्म तापकाच्या इतिहासातील दोन वाटा

प्रास्ताविक :
रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथील बौद्ध लेणी आहेत. येथील चैत्यगृहाचे दर्शनी काम लाकडी बांधणीचे अनुकरण करते. मात्र ते साकारले आहे नको असलेला दगड काढून टाकून. आधुनिक काळातील सूक्ष्म तापक घडविण्याच्याही दोन वाटा आहेत. सिलिकॉन कोरून पातळ पडदा शिल्लक ठेवणे ही एक आणि सिरॅमिकच्या पातळ तुकड्यावर धातूची रेघ छापणे ही दुसरी. प्रस्तुत लेखात दुसऱ्या वाटेचा, विशेषतः महाराष्ट्रातील संशोधनाच्या संदर्भात, परामर्श घेतला आहे.

छपाईची परंपरा :
1907 साली सॅम्युअल सायमन यांनी इंग्लंडमध्ये रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तोफगोळ्यांच्या फ्यूजसाठी सिरॅमिकवर मंडले छापण्यात आली. 1964 साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/360 संगणकातही छापील सिरॅमिक तुकडे होते. लग्नपत्रिका छापणाऱ्या कारागिराची जाळी आणि रबरी पट्टी येथेही तीच राहते. शाईऐवजी धातूची भुकटी, काचेची पूड व सेंद्रिय द्रव यांचा लेप असतो, एवढाच फरक. छापलेला थर वाळवून सुमारे 850 अंश सेल्सिअसला भाजला जातो. कोरण्याच्या वाटेला मात्र कर्ट पीटरसन यांच्या 1982 च्या प्रसिद्ध लेखानंतर मोठी चालना मिळाली. तिला स्वच्छ कक्ष व महागडी यंत्रसामग्री लागते.

तापकाची गरज व आराखडा :
1962 साली जपानमध्ये सेइयामा आणि तागुची यांनी धातूंच्या ऑक्साइडवर आधारित वायुसंवेदकांचा पाया घातला. असे संवेदक बहुधा 200 ते 400 अंश तापमानालाच समाधानकारक काम करतात. म्हणजेच तापकाविना संवेदक मुका होय.

आराखड्याचे गणित वरकरणी सोपे आहे. थराचा रोध दर चौरसाला 50 मिलिओहम धरला, तर 10 ओहमसाठी असे 200 चौरस सलग लागतात. रेघ 0.2 मिलिमीटर रुंद असल्यास तिची लांबी 40 मिलिमीटर होते. ती नागमोडी दुमडून काही मिलिमीटरच्या चौकटीत बसवावी लागते. खरी अडचण पुढेच आहे. रेघ प्लॅटिनमची असेल, तर 400 अंशांना रोध दुपटीहून अधिक होतो. परिणामी, 5 व्होल्टवर थंड असताना 2.5 वॉट घेणारा तापक तापल्यावर त्याच्या निम्म्याहूनही कमी शक्ती घेतो. म्हणून हिशोब तप्त अवस्थेचा करावा लागतो. या गुणाचा लाभही आहे : तीच रेघ तापमापकाचे काम करते. दुसरी अडचण उष्णता वाया जाण्याची. ॲल्युमिना उष्णतेचा चांगला वाहक असल्याने रेघेबरोबर सारा तुकडाच तापतो. कोरलेला पडदा मात्र काही दशक मिलिवॉटमध्ये भागवतो.

महाराष्ट्रातील प्रयत्न :
तत्कालीन पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील करेकर, अय्यर, कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली टिन ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांच्या जाड थरांवर हायड्रोजन संवेदनाचे संशोधन प्रसिद्ध केले. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात एल. ए. पाटील व सहकाऱ्यांनी छापील थरांच्या संवेदकांचे सातत्यपूर्ण काम केले. 2006 च्या बेरियम टायटेनेटविषयक निबंधात पुण्याच्या सी-मेट या संस्थेतील डी. पी. अमळनेरकर यांचाही सहभाग होता. अशा प्रयोगांत संवेदक थर छापलेला असे, तापक मात्र बहुधा काचपात्रातील बैठकीवर वेगळा बसविलेला असे. भुकटीचे गुणधर्म तपासण्यास ही व्यवस्था पुरेशी होती. परंतु संवेदक काचपात्राबाहेर, कारखान्यात वा स्वयंपाकघरात न्यायचा, तर तापक त्याच तुकड्यावर छापणे अपरिहार्य ठरते. कमी तापमानाला एकत्र भाजल्या जाणाऱ्या सिरॅमिकच्या थरांवर सी-मेटमध्ये झालेले काम याच दिशेचे आहे. या सिरॅमिकची उष्णतावाहकता ॲल्युमिनापेक्षा बरीच कमी असते. शिवाय तापक थरांच्या पोटात गाडता येतो.

समारोप :
कोरण्याची वाट काटकसरीची, पण खर्चिक यंत्रांवर अवलंबून. छपाईची वाट वीज अधिक खाते, पण मर्यादित साधनांच्या महाविद्यालयालाही खुली राहते. अमळनेरचे उदाहरण याची साक्ष देते. तरीही शोधनिबंधाच्या शीर्षकात स्थान मिळते ते संवेदक भुकटीला; तापकाची नोंद प्रयोगपद्धतीतील एखाद्या वाक्यापुरती उरते. कोंडाण्याच्या भग्न मूर्तीजवळ, कान्हाचा शिष्य बलक याने हे केले, अशा अर्थाचा ब्राह्मी लेख आहे. त्या एका ओळीमुळे कर्त्याचे नाव टिकले. आपल्या प्रयोगशाळांनीही लेपाचे प्रमाण, जाळीची वीण, भाजण्याचा क्रम आणि फसलेले आराखडे नोंदवून ठेवावेत. तसे झाले, तर पुढच्या विद्यार्थ्याला पहिल्या रेघेपासून आरंभ करावा लागणार नाही.