मोंढ्यातल्या भाडेपावत्या

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. उदगीरमध्ये ज्यांचं दुकान आहे, ज्यांना दुकान घ्यायचंय आणि ज्यांचं दुकान हातातून जायच्या बेतात आहे, त्या तिघांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात एकाच दिवशी दोन माणसं भेटली. सकाळी एक निवृत्त गुरुजी. म्हणाले, "पत्रकार साहेब, नांदेड रोडला कॉम्प्लेक्स उठायलंय. खालचा गाळा चोवीस लाखाला सांगायलेत. सहा लाख आता द्या, बाकी हळूहळू द्या म्हणायलेत. ग्रॅच्युइटीचे पैसे आहेत. घेऊ का?"

संध्याकाळी मोंढ्याजवळ पत्र्याचे डबे करणारे एक चाचा. चाळीस वर्षं एकाच शटरखाली बसलेले. म्हणाले, "बेटा, मालकानं जागा विकली. नवा मालक म्हणतो महिन्यात खाली करा. आता या वयात कुठं जाऊ?"

एकाला दुकान घ्यायचंय, एकाचं चाललंय. मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला. कागद काय आहे? गुरुजींनी खिशातून रंगीत ब्रोशर काढलं. चाचा म्हणाले, "कागद कसला, जुन्या मालकाची जबान होती."

हा प्रश्न उदगीरला नवा नाही. आपला बाजार आजवर अनेकदा जागा बदलत आलाय. प्रत्येक वेळी ज्याच्याकडं कागद होता तो टिकला आणि ज्याच्याकडं नुसता शब्द होता तो बाहेर पडला. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

उदगीरचा इतिहास म्हटलं की आपण ३ फेब्रुवारी १७६० वर जाऊन थांबतो. सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं हरवलं, साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांना मिळाला, आणि वर्षभरात पानिपत झालं. हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पण किल्ल्याच्या आधारानं जी पेठ राहिली, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. फौजेला दाणा लागतो, वैरण लागते, कापड, लोखंड, चामडं लागतं. किल्ला तिथं बाजार, हा त्या काळचा साधा नियम. त्या बाजारात दुकानदाराची जागा सत्तेच्या मर्जीवर. अंमल बदलला की मर्जी बदलली.

पुढं आला मोंढा. आपल्याला वाटतं मोंढा कायमचाच आहे. तसं नाही. शेतमाल अमुकच जागेत, अमुकच पद्धतीनं विकायचा, ही कल्पना तशी अलीकडची. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ मध्ये वऱ्हाडात कारंज्याला सुरू झाला, तो हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानं. निजामाच्या राज्यात शेतमाल बाजाराचा कायदा आला १३३९ फसलीत, म्हणजे साधारण १९३० साली. त्याआधी सौदा कसा व्हायचा हे जुन्या माणसांकडून ऐकलंय. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबायचे, भाव ठरायचा आणि शेतकरी बाजूला उभा राहून रुमालाकडं बघायचा. नियंत्रित बाजार आले तसा उघडा लिलाव, ठरलेलं माप आणि ठरलेलं आवार आलं.

यातला 'ठरलेलं आवार' हा शब्द जागेच्या धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा. माल एकाच ठिकाणी विकायचा म्हटल्यावर त्या ठिकाणाभोवतीची प्रत्येक हात जागा सोन्याची होते. पट्टी घेऊन शेतकरी बाहेर पडला की तिथंच कापड घेणार, तिथंच किराणा, तिथंच पत्र्याची कोठी, तिथंच भजी आणि चहा. आपली जुनी बाजारपेठ या गणितावर उभी राहिली. निजामाच्याच काळात विकाराबाद-बिदर-परळी रेल्वे उदगीरवरून गेली आणि इथल्या मालाला हैदराबादची वाट मिळाली.

तेव्हा आपण बिदर जिल्ह्यात होतो, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. व्यवहार हाली रुपयात चालायचा. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे व्यापाऱ्याला झोपेतही यायचं. १९४८ ला निजामाची राजवट गेली. १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हा बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. पिढ्यान्‌पिढ्या हैदराबाद-बिदरकडं तोंड करून बसलेली पेठ, तिचं जिल्हा कचेरीचं काम एकदम उलट्या दिशेला गेलं. गिऱ्हाईक मात्र सीमा बघून येत नाही. सीमेपलीकडच्या गावांतली माणसं आजही उदगीरच्या बाजाराला येतातच.

१९८२ ला लातूर जिल्हा झाला. तिथं आधीच गंजगोलाई होती. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली, सोळा रस्ते एका गोलाला मिळणारी पेठ. म्हणजे त्यांचा बाजार आधी कागदावर काढला होता. आपला बाजार वाढला तो वाटेल तसा, देगलूर रोड, नांदेड रोड, बिदर रोड, नळेगाव रोड धरून. जिल्ह्याचं ठाणं लातूरला गेलं आणि आपल्याकडं 'उदगीर जिल्हा'ची मागणी राहिली. मागणी योग्यच आहे, मीही तिच्या बाजूनं लिहिलंय. पण '२६ जानेवारीला घोषणा होणार' असा मेसेज फिरायला लागला की दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी शेतात चुन्याच्या रेघा पडतात, हेही मी बघितलंय. मेसेजवर जमीन घेऊ नका, एवढंच म्हणतो.

आता माझ्या घरची गोष्ट. इतके दिवस कुठं लिहिली नव्हती.

माझे वडील वह्या बांधायचे. रोजकीर्द, खातेवही, दिवाळीच्या पाडव्याच्या लाल वह्या. मोंढ्याला लागून दहा बाय बाराचं भाड्याचं दुकान होतं. अडतीच्या कितीतरी दुकानांत त्यांनी बांधलेल्या वह्या चालायच्या. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. हादरे आपल्याकडंही बसले. त्या पहाटे आम्ही सगळे गल्लीत उघड्यावर बसलो होतो. पुढच्या वर्षी दुकानाचा मालक म्हणाला, "भिंतीला तडा गेलाय, जीवाला धोका आहे, रिकामं करा. नवं बांधलं की पहिला गाळा तुमचा." वडिलांनी आठ दिवसांत पाट्या, दाबयंत्र, कागदाची रिमं उचलली. नवी इमारत झाली, तीन मजली. पहिला गाळा दुसऱ्यालाच गेला, आणि भलीमोठी पगडी घेऊन गेला. वडील विचारायला गेले तर मालकानं विचारलं, "कुठं लिहून दिलंय का?" सगळ्या मोंढ्याचा हिशेब ज्यांनी बांधून दिला, त्यांच्याकडं स्वतःच्या दुकानाचा एक कागद नव्हता. भाडेपावत्या होत्या, त्या आवराआवरीत रद्दीत गेल्या.

पुढं मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला, बाजारभावाच्या कॉलमपासून सुरुवात केली, आणि कधीतरी एका वकिलांकडं बसलो असताना कळलं की तेव्हा मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा चालू होता. मालकाला भाडेकरू काढायचा तर रेंट कंट्रोलरकडं अर्ज करावा लागायचा, कारण दाखवावं लागायचं. तोंडी सांगून दुकान रिकामं करून घ्यायचा हक्क त्याला नव्हताच. वडील नाही म्हणू शकले असते. त्यांना कोणी सांगितलंच नाही. हे कळलं तेव्हा ते हयात नव्हते.

तो जुना कायदा जाऊन ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सगळ्या राज्याला लागू झाला. बाजारपेठेतल्या माणसाला त्यातल्या काही गोष्टी माहीत हव्यात. म्हणून साध्या भाषेत लिहितो.

भाडेकरार लेखी आणि रजिस्टर पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. भाड्याची पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. वर्षाला चार टक्के भाडेवाढ मालक करू शकतो. भाडं थकलं तरी आधी नोटीस आणि नव्वद दिवसांची मुदत द्यावी लागते. जागा विकली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, नवा मालक जुन्याच्या जागी येतो, एवढंच. काढायचं तर कोर्टात जावं लागतं. उलट बाजूही आहे. कारण नसताना दुकान सलग सहा महिने बंद ठेवलं, किंवा परस्पर दुसऱ्याला दिलं, तर मालकाच्या हातात कारण जातं.

पगडी पूर्वी फक्त हातातून हातात जायची. या कायद्यानं तिला कायदेशीर केलं. तरी आपल्याकडं अजूनही ती कागदावर येत नाही, आणि मग भांडण झालं की दिलेले पैसे सिद्ध करता येत नाहीत.

आणखी एक कलम आहे, ज्यानं आपल्या मुख्य रस्त्यांचा चेहरा बदलला असं मला वाटतं. भाडेकरू बँक असेल, सरकारी कंपनी असेल, परदेशी कंपनी असेल, किंवा एक कोटी आणि त्यावर भरणा भांडवल असलेली कंपनी असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे भाडं ठरेल ते, मुदत संपली की जागा परत. मग मालकानं पत्र्याचे डबे करणाऱ्याला कशाला ठेवावं? बँक, एटीएम, मोबाइलचं मोठं शोरूम त्याला परवडतं. मालकाला वाईट म्हणत नाही, त्याचंही पोट आहे, कर्ज आहे. पण रस्त्यावरचा सायकलवाला, शिंपी, कल्हईवाला कुठं गेला असं आपण विचारतो, त्याच्या उत्तराचा एक भाग या कलमात आहे.

आता गुरुजींकडं येतो. नवीन कॉम्प्लेक्समध्ये गाळा घेणाऱ्यांसाठी २०१६ चा रेरा कायदा आहे. तो फक्त फ्लॅटसाठी आहे असं पुष्कळांना वाटतं. दुकान, ऑफिस, गोदाम सगळं त्यात येतं. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि गाळे आठपेक्षा जास्त असतील तर महारेराकडं नोंदणी केल्याशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. आणि रजिस्टर करारनामा केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. चोवीस लाखाचे दहा टक्के म्हणजे दोन लाख चाळीस हजार. गुरुजींकडून सहा मागत होते, तेही साध्या पावतीवर.

आणि जे शहराबाहेर नुसत्या बॉण्डवर गुंठा-दोन गुंठे घेऊन 'पुढं शटर काढू' म्हणतायत, त्यांनी तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आणि गुंठेवारीचा २००१ चा कायदा विचारून घ्यावा. गुंठेवारी नियमित करायची मुदत २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत आणली. त्यानंतरच्याला ती लागू नाही. एनए, मंजूर लेआउट आणि सातबारा हे तीन कागद बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

हे लिहून कुणाचा धंदा बसावा असा हेतू नाही. उदगीर वाढलंच पाहिजे. वस्ती लाखाच्या वर गेलीय, २०२२ ला अखिल भारतीय साहित्य संमेलन इथं झालं, राष्ट्रीय महामार्ग गावातून जातात. गाळे होणार, कॉम्प्लेक्स होणार. चांगले बिल्डरही आहेत, जे आधी नोंदणी नंबर दाखवतात आणि मग रेट सांगतात.

त्या दोघांचं काय झालं ते सांगतो. गुरुजींनी बिल्डरला नोंदणी नंबर मागितला. 'देतो देतो' म्हणून चार दिवस झाले, अजून आलेला नाही. ग्रॅच्युइटी बँकेतच आहे.

चाचांकडं मी परवा परत गेलो. म्हणलं, घरी जाऊन पेट्या बघा, एक तरी पावती सापडेल. काल त्यांच्या नातवानं एक पत्र्याचा डबा आणला, चाचांनीच कधीतरी केलेला. आत सुतळीत ओवलेल्या भाडेपावत्या. सगळ्यात जुनी १९८६ ची, भाडं साठ रुपये, खाली जुन्या मालकाची सही. चाचांना वाचता येत नाही, पण त्यांनी एकही फेकली नव्हती. तो डबा घेऊन आम्ही वकिलांकडं गेलो. नव्या मालकाला नोटीस जाईल. पुढं काय होईल ते कोर्ट ठरवेल, मी आत्ताच काही म्हणणार नाही. पण आज सकाळी चाचांनी शटर नेहमीच्या वेळेला उघडलं.

एक विनंती. तुमच्या घरी मोंढ्यातली, जुन्या पेठेतली अशी पावती, करारनामा, अडतीची जुनी पट्टी, हालीतला हिशेब असं काही असेल तर रद्दीत घालू नका. फोटो काढून मला पाठवा. नाव-गाव झाकून ठेवीन. किल्ल्याचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. बाजाराचा लिहायचा तर तो या पावत्यांवरूनच लिहावा लागणार आहे. माझ्या वडिलांची त्यात एकही नाही, हे मात्र राहून राहून मनाला लागतं.