रवींद्र गायकवाड विमान प्रवासबंदी प्रकरण

रवींद्र गायकवाड विमान प्रवासबंदी प्रकरण हे मार्च-एप्रिल २०१७ मधील भारतीय नागरी विमान वाहतुकीशी संबंधित प्रकरण होय. तत्कालीन उस्मानाबाद (आताचे धाराशिव) लोकसभा मतदारसंघाचे शिवसेनेचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला मारहाण केल्यानंतर देशातील प्रमुख विमान कंपन्यांनी त्यांना प्रवासास मनाई केली. त्या वेळी अशा बंदीची निश्चित कार्यपद्धती भारतात अस्तित्वात नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेशिस्त प्रवाशांविषयीची नियमावली आणि राष्ट्रीय प्रवासबंदी यादी लागू झाली.

== पार्श्वभूमी ==

गायकवाड हे उमरगा विधानसभा मतदारसंघाचे माजी आमदार असून २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे पद्मसिंह पाटील यांचा पराभव करून ते संसदेत निवडून गेले होते. संसद सदस्यांना अधिकृत प्रवासासाठी वरच्या वर्गाच्या विमान प्रवासाची सवलत असते. मात्र प्रत्येक विमानात बिझनेस वर्ग असतोच असे नाही. कमी अंतराच्या अनेक मार्गांवर केवळ इकॉनॉमी वर्गाची आसने असलेली विमाने वापरली जातात. एअर इंडिया ही कंपनी त्या वेळी केंद्र सरकारच्या मालकीची होती.

== घटना ==

२३ मार्च २०१७ रोजी गायकवाड पुण्याहून दिल्लीला गेले. त्यांच्याकडे बिझनेस वर्गाचे तिकीट होते, परंतु त्या विमानात केवळ इकॉनॉमी वर्ग होता. दिल्लीत विमान उतरल्यावर त्यांनी तक्रारीची दखल घेतली जावी, असा आग्रह धरत विमानातून उतरण्यास नकार दिला. त्यांची समजूत घालण्यासाठी आलेल्या कर्मचाऱ्याशी त्यांचा वाद झाला व त्याचे पर्यवसान मारहाणीत झाले. आपण कर्मचाऱ्याला चपलेने मारल्याचे गायकवाड यांनी नंतर वृत्तवाहिन्यांसमोर स्वतः सांगितले. एअर इंडियाच्या तक्रारीवरून दिल्ली पोलिसांनी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०८ आणि ३५५ अन्वये गुन्हा नोंदवला.

== प्रवासबंदी ==

२४ मार्च रोजी एअर इंडियाने, तसेच जेट एअरवेज, इंडिगो, स्पाइसजेट व गोएअर या कंपन्यांच्या संघटनेने गायकवाड यांना प्रवासास मनाई केली. त्यांची तिकिटे रद्द करण्यात आली व त्याच दिवशी ते दिल्लीहून रेल्वेने महाराष्ट्राकडे निघाले. बंदीच्या निषेधार्थ उमरगा येथे बंद पुकारण्यात आला.

या बंदीवरून दोन मते पुढे आली. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी कठोर भूमिका आवश्यक असून लोकप्रतिनिधीला वेगळा न्याय नसावा, असे बंदीच्या समर्थकांचे म्हणणे होते. आरोप सिद्ध होण्यापूर्वी, कोणतीही सुनावणी न घेता आणि मुदत न ठरवता सर्व कंपन्यांनी एकत्रितपणे एखाद्याचा प्रवास रोखणे अयोग्य आहे, असा विरोधकांचा आक्षेप होता.

६ एप्रिल रोजी गायकवाड यांनी लोकसभेत निवेदन केले. त्यांनी सभागृहाकडे दिलगिरी व्यक्त केली, मात्र संबंधित कर्मचाऱ्याची माफी मागितली नाही. या वेळी शिवसेनेचे केंद्रीय मंत्री अनंत गीते व नागरी विमान वाहतूक मंत्री अशोक गजपती राजू यांच्यात सभागृहातच खडाजंगी झाली. त्यानंतर गायकवाड यांनी राजू यांना पत्र लिहून खेद व्यक्त केला. मंत्रालयाच्या सूचनेनंतर ७ एप्रिल रोजी एअर इंडियाने बंदी उठवली व खासगी कंपन्यांनीही तिचे अनुकरण केले.

== बेशिस्त प्रवाशांविषयीची नियमावली ==

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मे २०१७ मध्ये नियमांचा मसुदा आणि ८ सप्टेंबर २०१७ रोजी अंतिम नियमावली जाहीर केली. तीत गैरवर्तनाचे तीन स्तर ठरवण्यात आले:

* '''पहिला स्तर''' – शाब्दिक त्रास, आक्षेपार्ह हावभाव, मद्यधुंद वर्तन: ३ महिन्यांपर्यंत बंदी.
* '''दुसरा स्तर''' – ढकलणे, मारणे, लाथ मारणे, अनुचित स्पर्श: ६ महिन्यांपर्यंत बंदी.
* '''तिसरा स्तर''' – जीवघेणे वर्तन, विमानाच्या यंत्रणेचे नुकसान, वैमानिक कक्षात घुसण्याचा प्रयत्न: किमान २ वर्षे बंदी.

तक्रारीचा निर्णय कंपनीच्या अंतर्गत समितीने ३० दिवसांत द्यावा लागतो. समितीचे अध्यक्षपद निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडे असते. तिच्यात अन्य विमान कंपनीचा तसेच प्रवासी किंवा ग्राहक संघटनेचा प्रतिनिधीही असतो. निर्णयाविरुद्ध प्रवाशाला ६० दिवसांत अपील करता येते. एका कंपनीने घातलेली बंदी इतर कंपन्यांवर बंधनकारक नसते.

जानेवारी २०२० मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्यावर इंडिगोने ६ महिन्यांची बंदी घातली. अंतर्गत समितीने ती ३ महिन्यांवर आणली.

== प्रवाशांचे हक्क ==

या प्रकरणातील मूळ तक्रार, म्हणजे तिकिटापेक्षा खालच्या वर्गातून करावा लागलेला प्रवास, हिचे उत्तर मात्र उशिरा मिळाले. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध त्याला खालच्या वर्गात बसवल्यास देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम परत करावी लागते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार हे प्रमाण ३० ते ७५ टक्के आहे. विमान रद्द होणे, दीर्घ विलंब होणे किंवा तिकीट असूनही प्रवेश नाकारला जाणे यांसाठीही पर्यायी विमान, परतावा, भोजन व भरपाईच्या स्वतंत्र तरतुदी आहेत.

== नंतरच्या घडामोडी ==

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत शिवसेनेने गायकवाड यांना उमेदवारी दिली नाही. त्यांच्या जागी ओमराजे निंबाळकर यांनी निवडणूक लढवून विजय मिळवला. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे हस्तांतरित झाली.