ऑइलमध्ये कूलंट : हेड उतरविण्यापूर्वी तपासणी आवश्यक

पंधरा-वीस वर्षे धावलेल्या जीपच्या इंजिनावरील ऑइलचे झाकण उघडावे आणि आतल्या बाजूस लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर दिसावा, की 'हेड गॅस्केट गेले' असा निकाल गॅरेजमध्ये तत्काळ दिला जातो. रोजच्या फेऱ्यांवर घर चालविणाऱ्या वडापवाल्यास हेडकामाचा खर्च आणि गाडी उभी राहण्याचे दिवस, दोन्ही जड जातात. त्यातून मूळ दोष दुसरीकडेच असला, तर हे सारे वाया जाते.

केवळ झाकणावरील थर हा पुरावा नव्हे. पावसाळ्यात वा थंडीत गाडी दोन-चार किलोमीटरच चालत असेल, तर इंजिन पुरेसे तापत नाही. आतील वाफ थंड झाकणाखाली जमते आणि ऑइलमध्ये घुसळली जाते. डिपस्टिकवरील ऑइल स्वच्छ असेल आणि रेडिएटरमधील पातळी स्थिर असेल, तर थर पुसून गाडी लांब पल्ल्यावर चालवावी व पुन्हा पाहावे.

याउलट डिपस्टिकवर ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल, त्याची पातळी खुणेच्या वर चढली असेल आणि बाहेर कोठेही गळती नसताना कूलंट कमी होत असेल, तर इंजिन सुरूच करू नये. पाण्यामुळे ऑइलचा थर दुबळा होतो, तर कूलंटमधील ग्लायकॉलमुळे गाळ व आम्ल तयार होते. क्रँकच्या बेअरिंगना त्याची झळ प्रथम बसते.

खात्रीसाठी एक साधा उपाय आहे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ऑइल चेंबरचा नट किंचित सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी साचलेले कूलंट आधी ठिबकते. ते ऑइलमध्ये पूर्ण मिसळले असेल, तर मात्र असे दिसणार नाही. तेव्हा तापलेल्या जाड पत्र्यावर ऑइलचे दोन थेंब टाकावेत. पाणी असल्यास तडतड ऐकू येते. डोळे दूर ठेवावेत, हे सांगायला नकोच. हे पाणी वाफेचे की कूलंटचे, याचा उलगडा मात्र प्रयोगशाळेत ग्लायकॉल, सोडियम व पोटॅशियम तपासल्यावरच होतो.

यापुढचा प्रश्न वाटेचा, आणि नेमकी येथेच घाई होते. हेड गॅस्केटखेरीज हेडमधील वा ब्लॉकमधील तडा, ऑइल कूलर आणि काही इंजिनांत टायमिंग कव्हरचे गॅस्केट या वाटांनीही कूलंट आत शिरते. ज्या डिझेल इंजिनांत लायनरभोवती थेट पाणी खेळते, तेथे लायनरखालील रबरी रिंगाही संशयित ठरतात. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो. त्यामुळे ऑइल कूलर फुटल्यास ऑइल आधी रेडिएटरमध्ये तरंगते. इंजिन बंद झाल्यावर शिल्लक दाबाने कूलंट उलट ऑइलमध्ये उतरते. दोन्हीकडे भेसळ दिसत असेल, तर कूलर प्रथम तपासावा. तो बदलण्यासाठी सहसा हेडला हात लावावा लागत नाही.

निर्णायक चाचणी दाबाची. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरावी. बहुतेक गाड्यांत तो एक बारच्या आसपास असतो. काटा उतरू लागला आणि बाहेर ओल नसेल, तर गळती आत आहे. चेंबर उतरवून हीच चाचणी केल्यास थेंब कोठून पडतो, हे टॉर्चच्या उजेडात दिसते. लायनरच्या बुडाशी थेंब असेल, तर हेडकामाने काहीही साधणार नाही. कूलंटमध्ये जळालेला वायू शोधणारे निळे रसायन पिवळे झाले, तर गॅस्केट किंवा तड्याचा संशय बळावतो. रंग बदलला नाही म्हणून मात्र गॅस्केट निर्दोष ठरत नाही, कारण ते केवळ पाणी व ऑइलच्या वाटांमध्येही फुटू शकते.

दुरुस्तीनंतर स्वस्तातले ऑइल व नवा फिल्टर घालून इंजिन थोडा वेळ भाराविना चालवावे आणि दोन्ही बदलावेत. दुधाळपणा उरल्यास हेच पुन्हा करावे. काढलेले कूलंट उघड्यावर ओतू नये. ते चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते पितात, आणि ते विषारी आहे.