भांग : नियमन व कर (जबलपूर)

जबलपुरात एकाच झाडाला दोन कायदे लागू होतात. १९८५च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याने चरस आणि फुलोऱ्याचा गांजा निषिद्ध ठरवला. शेंड्यांविना असलेली पाने व बिया मात्र व्याख्येबाहेर ठेवल्या. या पळवाटेमुळेच घोटून प्यायची भांग १९१५च्या मध्य प्रदेश उत्पादनशुल्क कायद्याखाली परवानाधारक दुकानांत विकली जाते आणि राज्याला महसूल मिळतो. ब्रिटिश अमदानीत गांजाही महसुली जिन्नस होता. मध्य प्रांतातील त्याची परवान्याची लागवड निमाड जिल्ह्यापुरती, खंडव्याच्या परिसरात असे. बिया व त्यांचे तेल २०२१पासून अन्न म्हणून मान्य आहेत. तेलात टीएचसी या मादक घटकाची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम. सीबीडी हा नशा न आणणारा घटक असलेला पानांचा अर्क ‘विजया’ या नावाने आयुर्वेदिक औषधांच्या परवान्यावर बनतो.