येरवड्याच्या पुलावरचे सिंह आणि त्यांच्या पंजाखालचा चेंडू

बंडगार्डनहून येरवड्याकडे नेणारा जुना दगडी पूल अनेकांनी पाहिला आहे. मुळा-मुठेवरचा हा कमानींचा पूल १८६९ साली पूर्ण झाला. त्याचा आराखडा रॉयल इंजिनिअर्सच्या कॅप्टन रॉबर्ट सेलन यांचा, तर नाव तत्कालीन मुंबई गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे. आता त्यावरून वाहने जात नाहीत, त्यामुळे त्याच्या टोकांवरचे सिंह निवांत न्याहाळता येतात.

या सिंहांचा एक पंजा जमिनीवर नसून एका गोलावर टेकलेला आहे. सिंहाने चेंडू का धरावा? भारतीय शिल्पपरंपरेत याचे उत्तर शोधू गेल्यास हाती काही लागत नाही, कारण हे सिंह मूळचे इथले नव्हेत. त्यांचे कूळ रोमचे आहे.

सोळाव्या शतकात फर्दिनांदो दे मेदिची याने रोममधल्या आपल्या प्रासादासाठी दोन संगमरवरी सिंह मिळवले. त्यातला एक प्राचीन रोमन काळातला. मुळात तो उठावशिल्प होता. जोवान्नी फांचेल्ली या शिल्पकाराने तो चहूबाजूंनी घडवून मोकळा उभा केला. त्याला जोड हवी म्हणून फ्लामिनिओ वाक्का याने दुसरा सिंह कोरला. वाक्काच्याच सांगण्यानुसार त्याचा दगड रोमच्या कॅपिटोलाइन टेकडीवरील ज्युपिटरच्या मंदिराच्या एका स्तंभशीर्षातून आला होता. म्हणजे देवळाच्या खांबाचा सिंह झाला! वाक्काने त्यावर आपले नावही कोरले. १७८९ पासून ही जोडी फ्लॉरेन्सच्या लॉज्जिआ देई लांझीत आहे. पुढे युरोपभर राजवाड्यांच्या आणि पुलांच्या दारी तिच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या. साम्राज्याबरोबर तोच नमुना येरवड्यापर्यंत पोहोचला.

इथे दगडाचा विचार करायलाच हवा. संगमरवराचे काठिण्य मोहच्या मापनश्रेणीवर सुमारे ३, तर दख्खनच्या काळ्या बेसाल्टचे सुमारे ६. छंद म्हणून छिन्नी हाती घेणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी मनगटात जाणवतो. आयाळीचा एकेक कुरळा केस मोकळा सोडणे संगमरवरात जमते. बेसाल्टमध्ये तीच हौस फार महाग पडते. म्हणून आपल्याकडचे पाथरवट प्राणी बहुधा भिंतीतून किंचित पुढे आलेल्या उठावात कोरत. यात कौशल्य कमी होते असे मानणे चूक ठरेल. तो दगडाशी केलेला शहाणपणाचा तह होता.

आपल्याकडच्या पंजांखाली चेंडू नसतो, हत्ती असतात. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजाजवळचा पशू पाहा. वाघ म्हणावा की सिंह, याचा निर्णय होत नाही, परंतु त्याने पकडलेले हत्ती स्पष्ट ओळखू येतात. असा प्राणी कोणी रानात पाहिलेला नव्हता, आणि पाहण्याची आवश्यकताही नव्हती. किल्ल्यात शिरणाऱ्याला सत्तेचा अर्थ कळला म्हणजे पुरे.

पुण्यात या परंपरेचा सर्वांत विलक्षण नमुना येरवड्यापासून फार दूर नाही. सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपती मंदिर भीमगीर गोसावी यांनी बांधविले. काम १७५४ मध्ये सुरू झाले आणि मूर्तीची स्थापना १७७० मध्ये झाली. तिच्या तीन सोंडांकडे सर्वांचे लक्ष जाते. दर्शनी भिंतीवरचा गेंडा मात्र अनेकांच्या नजरेतून निसटतो. इंग्रज शिपाई त्याला साखळदंडाने बांधत आहेत. गेंडा हा पूर्वेकडचा प्राणी. प्लासीची लढाई १७५७ ची, बंगालची दिवाणी कंपनीला मिळाली १७६५ मध्ये. म्हणूनच अभ्यासक या शिल्पात इंग्रजांनी जखडलेला बंगाल पाहतात. हा अर्थ ग्राह्य धरला, तर कलकत्त्याची बातमी पुण्याच्या काळ्या दगडावर इतक्या लवकर उमटावी, हे थक्क करणारे आहे. पाथरवटाने गेंडा प्रत्यक्ष पाहिला होता का, हा प्रश्न त्यापुढे गौण ठरतो.

रोमच्या सिंहावर शिल्पकाराचे नाव आहे. गेंडा कोरणाऱ्याचे नाव पुण्याच्या स्मरणात उरलेले नाही.

त्रिशुंडाची स्थापना १७७० ची आणि येरवड्याचा पूल १८६९ चा. मध्ये ९९ वर्षे गेली. गेंड्याला साखळी घालणारे तोवर शनिवारवाड्यासह सगळ्या पुण्याचे धनी झाले होते, आणि पुलाच्या टोकांवर त्यांनी स्वतःसाठी सिंह निवडला.