गच्चीच्या दुरुस्तीसाठी सौर पॅनेल उतरविताना

सौर पॅनेलचे आयुष्य साधारणतः २५ वर्षे मानले जाते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग बहुधा त्यापूर्वीच निकामी होते. त्यामुळे पॅनेल उतरवून पुन्हा बसविण्याची वेळ अनेक घरमालकांवर येते.

मुख्य स्विच बंद केला की धोका टळला, हा समज येथे लागू पडत नाही. पॅनेलवर ऊन आहे तोवर त्यात विद्युतदाब असतोच. घरगुती पॅनेलचा दाब सुमारे ४० ते ५० व्होल्ट असतो; अशी दहा पॅनेल एकसर जोडल्यास तो ४०० व्होल्टच्या पुढे जातो. शिवाय हा दिष्ट प्रवाह (डीसी) असल्याने, तो वाहत असताना जोडणी ओढल्यास उडणारी ठिणगी सहजी विझत नाही.

म्हणून प्रशिक्षित तंत्रज्ञाने प्रथम इन्व्हर्टरची एसी व नंतर डीसी बाजू बंद करावी आणि प्रवाह थांबल्याची मीटरने खात्री करूनच जोडण्या सोडवाव्यात. तत्पूर्वी जोडणीची छायाचित्रे व पॅनेलचे अनुक्रमांक नोंदवून ठेवावेत.

सांगाड्याचे बोल्ट स्लॅबमध्ये घातलेले असल्यास प्रत्येक छिद्र काळजीपूर्वक बुजवावे. गळती बहुधा तेथूनच सुरू होते. गच्चीत पाणी साठवून चाचणी घेतल्यावरच सांगाडा पुन्हा उभारावा. फेरजोडणीनंतर अर्थिंग व इन्सुलेशन तपासून घ्यावे. हमी कायम राहील, असे पुरवठादाराकडून आधीच लेखी घ्यावे.

नव्याने पॅनेल बसविणाऱ्यांनी मात्र गच्चीची दुरुस्ती आधी उरकावी. हा दुहेरी खर्च त्यामुळे टळू शकतो.