घोरपडीची साक्ष

गणपती गेले की आमच्या जोह्यातले कारखाने थोडे निवांत होतात. दिवाळीत पोरे किल्ला करायला लागली, की शाडूला काही तोटा नसतो. गेल्या दिवाळीत आमच्या ओटीपुढे सिंहगड उभा राहिला. तेव्हा शाहीर तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडा मी दोन रात्री मोठ्याने वाचून दाखविला.

लहानपणी हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' मी रात्र जागून वाचली होती. तेव्हा खरेखोटे विचारण्याचे भान मला नव्हते. या मंडळींना ते फार होते! रायबाच्या लग्नापाशी बायकांनी डोळे पुसले, पण यशवंती घोरपड कड्यावर चढली आणि ओटीवर वाद पेटला.

शेतावर कामाला येणारा एक म्हातारा कातकरी पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "कपारीत शिरून फुगली, तर दोघांनी शेपूट ओढून निघत नाही. पण ती जाते तिच्या मनाने. तुम्ही धाडाल तिथे कशी जाईल?"

सगळे हसले. आमचा नातू मात्र हिरमुसला. त्याने खास घोरपड घडविली होती. "मग सगळेच खोटे का हो, आजोबा?"

आता मला सभासदाची बखर काढणे भाग पडले. कृष्णाजी अनंत सभासदाने ती जिंजीस, राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून, प्रसंगानंतर पंचवीस-सत्तावीस वर्षांतच लिहिली. तीत घोरपड नाही. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, मोगलांना दिलेला कोंढाणा परत घ्यायला तानाजी पाचशे मावळे घेऊन निघाला, हे आहे. दोन मावळे रात्री उभा कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ लावली आणि तीवरून तानाजीसह तीनशे माणूस वर आला, हेही आहे. ती ४ फेब्रुवारी १६७० ची, माघ वद्य नवमीची रात्र. नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. तोवर कड्यावर काय दिसणार, ते ज्याने त्याने ताडावे. तानाजी आणि किल्लेदार उदेभान दोघेही पडले. सूर्याजीने माणसे सावरून गड घेतला आणि पागेची खणे पेटवून राजगडावर महाराजांना खूण केली.

तानाजीमुळे गडाला सिंहगड नाव पडले, हेही आपण सांगत आलो. पण ते नाव १६६३ च्या पत्रातच सापडते. हे ऐकून शेजारच्या मास्तरांचा चेहरा पडला. मला स्वतःला घोरपड गेल्याचे दुःख झाले नाही. उलट अंधारात बोटांनी कपारी चाचपणारे ते दोघे मला जास्त भयंकर वाटले.

सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "त्या दोघांची नावे काय?"

बखरीत नावे नाहीत. उमरठच्या तानाजीचे आहे, सूर्याजीचे आहे, यांची नाहीत.

"घोरपडीला नाव, नि माणसांना नाही!" त्या चिडल्याच.

नातवाने त्याच रात्री दोन मावळे घडवले. ओला शाडू उभ्या कड्याला धरीना, दोनदा घसरले. शेवटी कारखान्यातल्या एका कारागिराने आत बारीक तार घालून दिली. घोरपड मोडू देईना तो. ती खाली कल्याण दरवाजापाशी बसली होती.